कानबाईचं मशीन

शोभाबाई विरजण मागायला आल्या तेव्हा सरलाबाई दाराकडे पाठ करून भाकरी थापत होत्या. शोभाबाईंनी दारातून हाक मारली. मग उंबऱ्यावरून मारली. मग आत येऊन, फ्रिजला टेकून, बेंबीच्या देठापासून मारली. सरलाबाईंची भाकरी आपली गोल गोल फिरतच राहिली. वर त्या अधूनमधून अशी मान डोलवत होत्या, जणू परातीतलं पीठच त्यांना काही सांगत होतं.

शेवटी शोभाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"व माय व!" सरलाबाईंनी अर्धी भाकरी हवेत उडवली. "जीव गया ना मना!"

"विरजन शे का, विरजन?"

"सरन? कोनं सरन? कोन गयं?"

"सरन नही व बहीन, विरजन! दहीनं!"

एवढ्यात शोभाबाईंचं लक्ष गेलं. सरलाबाईंच्या कानामागून एक काळी वायर वळसा घालून खाली मानेवर उतरली होती आणि पदराखाली कुठेतरी गडप झाली होती. कानाच्या भोकात बोंडासारखं काहीतरी घट्ट बसवलेलं. शोभाबाईंना ही वस्तू अनोळखी नव्हती. त्यांच्या सासऱ्यांच्या कानामागे शेवटपर्यंत अशीच एक होती. पुढे ती सासऱ्यांच्या फोटोपाशी ठेवली होती, कारण टाकवेना आणि दुसऱ्याला देताही येईना.

"हाई काय शे कानमा?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

सरलाबाईंनी एका कानातलं बोंड उपसलं. "हाई ना? हाई कान..." आणि तेवढ्यात त्यांना लेकीची ताकीद आठवली. पुढचं "बाईसाठे शे" त्यांनी गिळून टाकलं आणि विरजणाची वाटी शोभाबाईंच्या हातात कोंबली.

शोभाबाई वाटी घेऊन गेल्या त्या घरी गेल्याच नाहीत. दही दुसऱ्या दिवशी लावलं तरी चालतं. बातमी मात्र ताजीच द्यावी लागते.

आता ही ताकीद काय होती ते सांगायला हवं. कापडाच्या शहरातल्या गोडादरा वस्तीतल्या त्या सोसायटीत खानदेशातून आलेली घरं बरीच. श्रावणात त्यांची देवी, कानबाई, बसते तेव्हा एक बाई गाणं उचलते आणि बाकीच्या ते झेलतात. उचलण्याचा मान सरलाबाईंचा. त्यांच्या आधी तो त्यांच्या सासूचा होता. सासूने जाताना दागिने धाकटीला दिले आणि गाणी हिला. धाकटीचे दागिने कधीच मोडले, गाणी अजून शाबूत आहेत, हे सरलाबाई कुणालाही, न विचारता, सांगत. यंदा तर मंडळाने माइक आणि स्पीकर लावायचं ठरवलं होतं, आणि गाणी मोबाइलवरून थेट नंदुरबार-शिरपूरच्या नातेवाइकांना दिसणार होती. म्हणजे सगळं माहेर आणि सगळं सासर एकाच वेळी ऐकणार. बाईमाणसाला यापेक्षा मोठी परीक्षा नसते.

स्पीकरचं काम त्यांच्या लेकीकडे, गायत्रीकडे होतं. गायत्री दिवसा कापड मार्केटमध्ये एका साडीवाल्याचे व्हिडिओ काढायची आणि संध्याकाळी घरी, भिंतींना गोधड्या टांगून, लोकांची हळदीची आणि लग्नाची गाणी रेकॉर्ड करायची. गोधड्या एवढ्यासाठी, की मागच्या गल्लीत लूमचा कारखाना होता आणि नवरीच्या प्रत्येक गाण्यात तो खटॅक-फटॅक करत यायचा.

ते कानातलं गायत्रीने ऑनलाइन मागवलं होतं. इन-इअर मॉनिटर. चीनचं, बऱ्यापैकी साडीपेक्षाही स्वस्त, पण गायत्री त्याच्यावर बेहद्द खूश होती. "माय, स्टेजवरचे सिंगर हेच घालतात," तिने सांगितलं. "बाहेरचा गोंगाट बंद, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येतो. मोठ्या कंपनीचं घ्यायला गेलं तर घर विकावं लागेल. आपल्याला एवढं घणु, पुष्कळ झालं. पण कानात नीट बसलं पाहिजे. रबर फिरवत फिरवत आत घाल. आणि सवय कर, नाहीतर ऐन वेळी काढून फेकशील."

त्या घरात लेक आईला माय म्हणायची आणि आई लेकीलाही माय म्हणायची. खानदेशात तशी रीतच आहे. परक्याने ऐकलं तर कोण कोणाची आई ते कळायचं नाही.

पहिल्यांदा स्वतःचं गाणं त्यातून ऐकलं तेव्हा सरलाबाई पलंगावर बसल्या. त्यांना आपल्या बांगड्या ऐकू आल्या. आपण श्वास कुठे घेतो ते ऐकू आलं. मागे कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता, तोही शोभाबाईंचा आहे हे कळलं. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, आपण गात नसून ओरडतो आहोत हेही कळलं.

"माय व, मी इतली बोंबलस?"

"लूमच्या बाजूला राहून सगळेच बोंबलतात. आता नको बोंबलू. हळू गा, स्पीकर आहे ना."

मग गायत्रीने तालासाठी कानात टकटक सोडली. ती सरलाबाईंना मानवली नाही. दर दोन ओळींनी त्या "कोन शे व?" म्हणत दार उघडायला उठायच्या. शेवटी गायत्रीने मागच्या खिडकीतून लूमचाच आवाज रेकॉर्ड केला आणि तो तालावर लावून दिला. खटॅक-फटॅक, खटॅक-फटॅक. सरलाबाई लगेच मांडी घालून बसल्या आणि गाणं असं निघालं, जसं ओळखीच्या रस्त्याने बैल घरी जातो. तेव्हापासून त्या दिवसभर ते कानात घालून स्वैपाक करायच्या. फक्त कुणाला सांगायचं नाही, अशी लेकीची ताकीद. कारण पलीकडच्या बिल्डिंगमधल्या मंगलाबाईंना गाणं उचलायची हौस फार. त्यांना पत्ता लागला असता तर त्यांनी दोन कानांसाठी चार आणले असते.

तर झालं असं. शोभाबाई विरजण घेऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सरलाबाई भाजीला गेल्या, तर रोजचा भाजीवाला बोटं नाचवत किलोचा भाव दाखवू लागला. त्यांना वाटलं, याचा घसा बसला. त्यांनी त्याला हळद-दूध घ्यायला सांगितलं. गल्लीतल्या बायका एकदम तोंडाशी तोंड आणून, ओठ फाकवून, "जे-व-नं झा-यं का?" विचारू लागल्या. एकीने न बोलता लसणाच्या तेलाची बाटली हातात दिली आणि डोळे पुसले. सरलाबाईंनी ते तेल लोणच्याला वापरलं.

खरा प्रकार कळला तो मंडळाचे भगवान आप्पा घरी आले तेव्हा. आप्पा लूमवरूनच निवृत्त झालेले, पांढरी टोपी, शब्द तोलून मापून बोलणारे. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि घरातली भांडी हलतील अशा आवाजात म्हणाले, "व-हि-नी! च-हा न-को!"

"नको ते नको. वरडतस कसाले आप्पा?"

"यंदाना साल तुम्ही आराम करा! गानं मंगलाबाई उचली!"

सरलाबाईंच्या हातातलं पाण्याचं तांब्या-भांडं तसंच राहिलं. "मी काय आजारी शे का?"

"नही, नही! कान काय, सम्दासना जातस! तुम्ही मनले लावू नका!"

"कोना कान गया?"

"हां!" आप्पांचा चेहरा उजळला. "हाई ऐकू उनं!"

सरलाबाईंना सगळं एकदम उमगलं. भाजीवाला, लसणाचं तेल, सगळं. "आप्पा, हाई ऐकू येवानं मशीन नही! हाई गावानं, गानं म्हनानं मशीन शे!"

"आसंच म्हनतस वहिनी सम्दा," आप्पा समजुतीने म्हणाले. "पहिले मी भी लोकसले सांगे, रेडिओनं शे म्हनीसन..." आणि त्यांनी जीभ चावली, टोपी जरा कानांवर ओढली आणि पंख्याकडे बघत राहिले.

आतून गायत्री धावत आली. ताकीद गेली चुलीत. "आप्पा, खरंच सांगते. याला इन-इअर मॉनिटर म्हणतात."

"मॉनिटर?" आप्पा उठून उभेच राहिले. "दवाखानामा खाटजोडे ऱ्हास तो? टुक टुक करस तो?"

"तो नाही हो, हा वेगळा!"

"म्हंजे कानवरून पुढे गयं?" आप्पांनी हळूच सरलाबाईंच्या छातीकडे आणि मग घाईने देवघराकडे पाहिलं. "पोरी, तू बोलनी नही कोनले? येवढी मोठी गोट!"

आणि त्यानंतर बातमीला जे पाय फुटले ते आवरेनात. संध्याकाळपर्यंत सरलाबाईंना मॉनिटर लावल्याचं सगळ्या सोसायटीला कळलं होतं. शहाळी आली. सफरचंदं आली. उधन्याहून त्यांची मावसबहीण रिक्षा करून आली आणि दारात सरलाबाईंनाच "कशी शे व ती?" असं विचारून रडायला लागली. सरलाबाईंनी तिला आत नेऊन त्यातलंच एक शहाळं पाजलं.

एक बाई पुरती बहिरी आणि अर्धी आयसीयूत आहे असं सगळ्यांनी ठरवलं, की ती धडधाकट आहे हे सांगण्याचा हक्क तिला उरत नाही. तरी एक माणूस होता, ज्याच्या एका शब्दावर सगळं मिटलं असतं. त्यांचे यजमान, राघोभाऊ.

राघोभाऊ आयुष्यभर लूमवर. पदर कसा सुटतो, धागा कुठे तुटतो, हे त्यांना बोटांना कळे. पण त्यांचे कान लूमने केव्हाच खाल्ले होते. हे गुपित फक्त दोघांना ठाऊक होतं. एक राघोभाऊंना, आणि दुसरं सरलाबाईंना, आणि सरलाबाईंना ठाऊक आहे हे राघोभाऊंना ठाऊक नव्हतं. तसं त्या वस्तीत हळू बोलणाऱ्यालाच लोक आजारी समजतात, त्यामुळे उघडं पडायची वेळ आली नव्हती. शिवाय राघोभाऊंकडे एक वाक्य होतं. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले, की ते जरा विचार करून म्हणत, "हं. बराबर शे." या एका वाक्यावर त्यांनी मंडळाच्या सगळ्या मीटिंगा, दोन भाच्यांच्या लग्नाच्या बैठका आणि सासूचा अख्खा काळ निभावून नेला होता. समाजात त्यांना फार समंजस माणूस म्हणत.

आप्पांनी त्यांना कारखान्याच्या दारातच गाठलं. आत लूम खटाखट चालू.

"राघोभाऊ, वहिनीले आते काहीच ऐकू येस नही ना?"

राघोभाऊंनी जरा विचार केला. "हं. बराबर शे."

"मंग गानं मंगलाबाईले दिऊत?"

"हं," राघोभाऊ म्हणाले. "बराबर शे."

झालं. नवऱ्यानेच सांगितल्यावर कोण काय बोलणार?

संध्याकाळी सरलाबाई कंबरेवर हात ठेवून दारातच उभ्या होत्या. "आप्पाले तुम्ही हो म्हनात? मना मान तुम्ही त्या मंगलाले दी टाका?"

राघोभाऊंनी चपला काढल्या. बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ थांबल्यावर म्हणाले, "हं. बराबर शे."

सरलाबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि पुन्हा काढल्या. आप्पांपर्यंत जायला पाच मिनिटं लागली नसती. आप्पा, हे तुमचं बोलणं ऐकूच शकले नाहीत, एवढं सांगितलं की काम झालं असतं. गाणं परत त्यांच्याकडे आलं असतं. पण उद्यापासून कारखान्यात पोरंसोरं राघोभाऊंसमोर बोटं नाचवून बोलली असती. घराचं छप्पर गळतं आणि नवऱ्याचा कान गळतो, या दोन गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात.

"माय, तुझे कान चांगले आहेत हे मी सांगून येऊ?" गायत्रीने आतून विचारलं.

"काही सांगू नको," सरलाबाई म्हणाल्या. "मी बहिरी ते मी बहिरी. कानबाईले तर ऐकू जास ना?"

आणि त्यांनी नवऱ्याला त्याच्यासमोर बसून, तोंडाकडे तोंड करून, जेवायला वाढलं. भाकरी मात्र जरा जास्तच जोरात आपटली.

कानबाई बसली त्या रविवारी मांडव नुसता फुलला होता. चौरंगावर नारळाची कानबाई, तिला नथ, तिला डोळे, तिला कोरं लुगडं. समोर रोटांचा नैवेद्य. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, आणि साडीच्या गावात राहतो म्हणून प्रत्येकीला दुसरीच्या साडीचा भाव अचूक माहीत. मंगलाबाई पुढे, माइकपाशी, जरीच्या काठात, मान ताठ. सरलाबाई मागे, झेलणाऱ्या बायकांच्या ओळीत.

"हे घाल," गायत्रीने येऊन त्यांच्या कानात बोंडं बसवली, वायर कानावरून मागे टाकली. "झेलणाऱ्यांचा एक माइक तुझ्याच हातात देते. बाकी काही नको करू."

"लोके देखतस ना व."

"देखू दे. बहिरी ना तू? मग."

तिकडे शोभाबाईंनी शेजारणीला कोपर मारलं. "देखं? मॉनिटर लाईसन उनी. बिचारी."

मंगलाबाईंनी गाणं उचललं. सुरुवात झोकात झाली. पण पलीकडच्या सोसायटीनेही कानबाई बसवली होती आणि त्यांनी ढोल आणले होते. ते सुरू झाल्याबरोबर मंगलाबाईंना आपला आवाज ऐकू येईना. म्हणून त्यांनी तो वाढवला. ढोलवाल्यांना वाटलं आपल्याला आव्हान आहे. त्यांनी वाढवला. मंगलाबाई आणखी वर गेल्या. स्पीकर किंचाळला. तिसऱ्या कडव्याला मंगलाबाईंचा सूर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी पोचला होता, आणि मागच्या बायकांपैकी अर्ध्या मागचं कडवं झेलत होत्या, अर्ध्या पुढचं, आणि दोघीतिघी नुसत्याच टाळ्या वाजवत होत्या. वरच्या टाकीपाशी जाऊन मंगलाबाईंना ठसका लागला. गाणं थांबलं.

कानबाईपुढे उचललेलं गाणं तुटत नाही. तुटू देत नाहीत. भगवान आप्पा काही सुचेना म्हणून देवीला पंख्याने वारा घालू लागले. नंदुरबारला कुणीतरी मोबाइल झटकून पाहिला असणार, की आवाज का गेला.

सरलाबाईंना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ढोल नाही, ठसका नाही. कानात फक्त खटॅक-फटॅक, खटॅक-फटॅक, मागच्या गल्लीतलं. त्यांनी समोर पाहिलं, तर मंगलाबाईंचं तोंड उघडं आणि गाणं नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि उचललं.

कोन गावनी तू माय, कोन दारले उनी,
तापीना काठ धरी, मना गल्लीले उनी...

त्या ओरडल्या नाहीत. जशा भाकरी थापताना गुणगुणायच्या, तशा गायल्या. आपला श्वास त्यांना ऐकू येत होता, शब्द कुठे टेकतो ते ऐकू येत होतं, बांगड्या ऐकू येत होत्या. स्पीकरने तो आवाज उचलला आणि मांडवाच्या बाहेर, गल्लीच्या बाहेर नेऊन सोडला. झेलणाऱ्या बायका एकेक करत आपल्या जागी आल्या, विस्कटलेली मेंढरं बांधावर येतात तशा. थोड्या वेळाने पलीकडचे ढोलही थांबले. त्या सोसायटीच्या बायका गच्चीच्या कठड्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सासूची सगळी गाणी आली. नदीचं आलं, नथीचं आलं, भाऊ न्यायला येतो ते आलं. अडचण एवढीच झाली, की सरलाबाई थांबेनात. आप्पांनी घड्याळ दाखवलं. मिटल्या डोळ्यांना काय दिसणार? आप्पांनी घसा खाकरला. टाळ्या वाजवल्या. आरतीचं ताट हातात धरून पोरी उभ्या राहून राहून दमल्या. कुणीतरी "वहिनी!" म्हणून ओरडलंही. पण एकदा बहिरी ठरवलेल्या बाईला किती हाका मारणार?

गायत्री आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरपाशी बसली होती. तिच्याजवळ एक लहानसा माइक होता, त्यात बोललेलं फक्त आईच्या कानात जायचं. ती त्यात हळूच म्हणाली, "माय, आते बस. आरती करनी शे."

सरलाबाई गाता गाता थबकल्या. भाबडेपणाने, हातातल्या माइकमध्येच म्हणाल्या, "हा माय!"

मांडवातल्या साऱ्या माना तिकडे वळल्या.

"आखो एक म्हनू दे ना व माय," सरलाबाई स्पीकरवरून म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. मग जरा ऐकून, "बरं, बरं. रागावू नको. तू म्हनशी तसं."

शोभाबाईंनी हळदीकुंकवाची वाटी शेजारणीच्या हातात कोंबली. "कानबाई बोलनी!" त्या किंचाळल्या. "तिना कानमा बोलनी! तरीच ते मशीन! मले त्याच दिन सांगे ती, हाई कान..., हाई कान... म्हनीसन! बाई म्हनाले तोंड धजत नव्हतं व तिनं!"

आणि मग कोण कुणाला आवरणार? बायका पुढे लोटल्या. कुणी ओटी भरली, कुणी मळवट भरला, कुणी विचारलं की पोराची बदली व्हयी का. मंगलाबाई सगळ्यांच्या आधी पोचल्या. जरीच्या काठासकट त्यांनी सरलाबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. "चुकनू व माय, माफ कर! तुना गानाले मी हात लाया!"

सरलाबाईंनी डोळे उघडले. पायाशी मंगलाबाई, डोक्यावर तांदूळ, मांडीवर तीन नारळ. त्यांनी एका कानातलं बोंड काढलं. "मंगला, तुनं काय सापडत नही? काय ढुंडी ऱ्हायनी?"

गायत्री मिक्सरवरून उडी मारूनच आली. हसू दाबायला तिने ओढणी तोंडात धरली होती. "मावशी, उठा, मी होते ती! मी मायला सांगत होते, आरती करायची आहे म्हणून. हे बघा, इथे बोललं की तिथे ऐकू येतं."

मंगलाबाई उठल्या. काठ झटकला. आता इथे भांडण पेटणार म्हणून बायकांनी जागा धरून घेतल्या. मंगलाबाईंनी सरलाबाईंच्या हातातलं ते काळं बोंड घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाल्या, "सरला, खरं सांग. हाई घालं तर आपला आवाज आपलाले ऐकू येस? मना डावा कान... कोनले बोलू नको हां. आज मी काय गायनू ते मलेच कयनं नही."

सरलाबाईंना क्षणभर फार बरं वाटलं. मग त्याचं वाईट वाटलं. मग पुन्हा बरंच वाटलं. "उद्या विसर्जनले मनाजोडे उभी ऱ्हाय," त्या म्हणाल्या. "मी उचलस, तू पहिली झेल. एक कान तुना, एक कान मना."

आरती झाली. प्रसाद सुरू झाला. भगवान आप्पा गायत्रीजवळ दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा, कुणी बघत नाहीसं पाहून, "मना एक मित्र शे, तेले पाहिजे व्हतं, हाई कोठे भेटस?" असं विचारून गेले. गायत्रीने त्यांना समजावलं, की कान तपासायला डॉक्टरकडे जायचं, हे त्याचं मशीन नाही. "तेच म्हनस मी मित्रले," आप्पा म्हणाले आणि टोपी सारखी करून निघून गेले.

राघोभाऊ मांडवाच्या टोकाला, खांबाला टेकून उभे होते. सगळी वस्ती आपल्या बायकोभोवती गोळा झाली आहे एवढं त्यांना दिसत होतं. ते ओळखीच्यांकडे पाहून मान डोलवत होते. कुणी जवळ येऊन काही म्हणालं की "बराबर शे" म्हणत होते आणि आज ते खरंच सगळीकडे बरोबर लागू पडत होतं.

"पप्पा, इथे या," गायत्रीने त्यांना हाताला धरून आणलं आणि सरलाबाईंच्या शेजारी बसवलं. सरलाबाईंनी बोंडं पदराने पुसली आणि एक शब्द न बोलता त्यांच्या कानांत बसवली. फिरवत फिरवत, नीट.

"मले कसाले? मना कान चांगला शेत!"

गायत्रीने नुकतंच रेकॉर्ड झालेलं गाणं लावलं. सरलाबाईंच्या खुणेवर आवाज वाढवला. जरा आणखी वाढवला.

आधी राघोभाऊंची मान हलायची थांबली. मग त्यांनी हात असा वर केला, जसा ते चालता लूम थांबवताना करायचे. मग ते बराच वेळ बायकोच्या ओठांकडे बघत राहिले. ओठ तर मिटलेले होते. गाणं चालूच होतं.

ते तिच्याकडे झुकले. त्यांना जे सांगायचं होतं ते फक्त तिच्यासाठी होतं, अगदी कानात सांगायचं होतं. पण स्वतःच्या कानात गाणं भरलेलं आणि आयुष्य सगळं लूमशेजारी गेलेलं, त्यामुळे भरलेल्या कारखान्यात या टोकाचा त्या टोकाला हाक देतो त्या आवाजात ते म्हणाले, "गायत्रीनी माय! तू आसं गास? इतला सालमा मले नुसता तुना ओठ दिसेत व! आवाज तर आज आयका मी!"

सरलाबाईंच्या मांडीवरचा माइक चालूच होता. ते वाक्य मांडवात घुमलं, टाकीवर आपटलं, आणि मोबाइलवरून नंदुरबारला आणि शिरपूरला, माहेरी आणि सासरी, सगळीकडे एकदम पोचलं.

राघोभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. आणखी जवळ सरकले. "आखो एक गोट सांगस. कोनले सांगू नको. मले ना, ऐकू येस नही!"

मांडवात एवढी माणसं होती, पण कुणी हसलं नाही. मंगलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. भगवान आप्पा देवीला पुन्हा वारा घालू लागले. वरच्या गच्चीतल्या परक्या सोसायटीच्या बायकांनी सुद्धा तोंडं फिरवली, जणू त्या मघापासून चांदणंच बघत होत्या.

गाणं संपलं. राघोभाऊंनी एक बोंड काढून तळहातावर धरलं आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत, जरा धास्तावून विचारलं, "हळूच बोलनू ना मी?"

सरलाबाईंनी सगळ्या मांडवावरून एकदा नजर फिरवली. मग त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द ओठांवर नीट मांडत म्हणाल्या, "इतलं हळू, इतलं हळू बोलनात, का मले भी नीट ऐकू उनं नही."

राघोभाऊंनी जरा विचार केला.

"हं," ते म्हणाले. "बराबर शे."